एक चमचा लवंग

दुपारी एक वाजता आमटीचा पहिला भुरका मारून सुभेदार सयाजी म्हणाले, "ही अंदाजानं केलेली दिसती."

"मग काय पंचांग बघून करायची हुती?" अंबूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

आमटी वाईट झाली होती असं सुभेदारांचं म्हणणं नव्हतं. दोन वाट्या ते रोज संपवत. त्यांची तक्रार तत्त्वाची होती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी फौजेच्या कोठारात काढली होती. गोळीबार त्यांनी लांबून ऐकला होता, पण डाळ, गूळ, साबण आणि बुटांच्या नाड्या यांच्याशी त्यांचा सामना रोज समोरासमोर होई. मोजल्याशिवाय नाडीसुद्धा त्यांच्या हातून कधी बाहेर गेली नाही. अशा माणसानं निवृत्त होऊन कऱ्हाडजवळच्या आपल्या गावी यावं, आणि बायको डब्यात हात घालून मुठीनं काय काढते आणि चिमटीनं काय टाकते हे रोज उघड्या डोळ्यांनी बघावं, हा प्रसंग कठीणच होता.

त्यातच मुलानं टीव्ही घेऊन दिला. राजवर्धन बापासारखाच फौजेत, जम्मूला. सुट्टीवर आला आणि निम्मी भिंत झाकेल एवढा टीव्ही लावून गेला. सुभेदारांनी आधी त्यावर बातम्या बघितल्या. तिथं भांडणं फार आणि निकाल कसलाच नाही. मग ते स्वयंपाकाच्या कार्यक्रमांवर आले. इथं अर्ध्या तासात निकाल लागत होता आणि तो ताटात घेऊन दाखवतही होते.

वर्षभरात सुभेदारांची या विषयातली मतं पक्की झाली. एक शेफ कांदा चिरताना हसायचा. कांदा चिरताना ज्याच्या डोळ्याला पाणी येत नाही, त्यानं तो आधीच दुसऱ्याकडून चिरून घेतलेला असतो, म्हणून तो बाद. दुसरा थालीपीठात चीज घालायचा. त्याच्यावर सुभेदारांनी मनातल्या मनात खटला चालवून त्याला सेवेतून कमी केलं. उरल्या शेफ क्रांती. इस्त्रीचा पांढरा कोट, डोक्यावर उभी टोपी, छातीवर नावाची पट्टी. गणवेशातलं माणूस अंदाजानं बोलत नाही, यावर सुभेदारांची श्रद्धा होती आणि शेफ क्रांती ती रोज दुपारी बळकट करत. पन्नास ग्रॅम म्हणजे पन्नास ग्रॅम. सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं.

"बग, बग, कसं तोलून घालती," सुभेदार म्हणत.

टीव्हीवरच्या तमाम शेफमंडळींबद्दल अंबूबाईंचं मत एकच होतं आणि ते प्रश्नाच्या रूपात होतं. "हिची भांडी कोण घासतंय?"

एवढ्यावर हे सगळं सुखानं चाललं असतं. पण मार्च आला, आणि मार्चात चटणी आली.

आमच्या भागात वर्षाची तिखट चटणी एकदाच होते. उन्हात मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, कांदा, लसूण, खोबरं, धणे आणि बाकीचा मसाला तेलात भाजायचा, डंकावर, म्हणजे मसाल्याच्या गिरणीत, कांडून आणायचं आणि बरणीत दाबून भरून वर फडक्याचा दादरा बांधायचा. मग आमटी असो, वांगं असो, रविवारचं मटण असो, सगळ्यात तीच. लग्न चुकलं तर माहेरी परत येता येतं. चटणी चुकली तर वर्षभर नांदावं लागतं. म्हणून त्या दिवसांत घराघरातल्या बायका फार बोलत नाहीत.

अंबूबाईंची चटणी गावात नावाजलेली होती, आणि तिला माप नव्हतं. लवंगेची तर गोष्टच वेगळी. कढईवर उभं राहून त्या चिमटीनं लवंग सोडत. पहिली शिंक आली की सावध व्हायचं, दुसरी आली की हात आवरायचा. चौतीस वर्षं हे शिंकांचं प्रमाण चुकलं नव्हतं. सुभेदारांना मात्र ते कुठल्याच वहीत लिहिता येत नव्हतं.

त्या वर्षी नेमकं चटणीच्या तोंडावर पूजाचं, म्हणजे मुलीचं, दुसरं बाळंतपण आलं. ती सांगलीला विश्रामबागेत राहते. तिच्या सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळं अंबूबाईंना दीड महिना तिकडं जावं लागलं. सहा किलो मिरची वाळवून, निवडून त्यांनी पोत्यात बांधली आणि निघताना म्हणाल्या, "आवं, त्या मिरचीला हात लावू नगासा. मी आल्यावर बघते."

ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षं कोठार सांभाळलं, त्याला बायकोनं पोत्याला हात लावू नका म्हणून सांगावं, हे सुभेदारांच्या जिव्हारी लागलं. तरी ते आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी शेफ क्रांतींनी कांदा-लसणाची चटणी करून दाखवली.

सुभेदारांनी वही काढली. अर्धा किलो मिरचीला धणे इतके ग्रॅम, खोबरं इतकं, तीळ इतके. सगळं लिहून झालं. आणि मग शेफ क्रांतींनी आवाज खाली आणला, कॅमेरा जवळ आला, आणि त्या म्हणाल्या, "आता माझं गुपित. एक चमचा लवंग."

सुभेदारांची पेन्सिल थांबली. एक चमचा, पण कुठला? त्यांच्या स्वयंपाकघरात अकरा तऱ्हेचे चमचे होते. बाई तर एवढं बोलून हसून मोकळ्या झाल्या होत्या. पण सुभेदार गोंधळणाऱ्यांतले नव्हते. चमचा अजून पडद्यावर दिसत होता. त्यांनी फूटपट्टी उचलली, भिंतीपाशी गेले आणि चमचा मापला. दांड्यासकट नऊ इंच भरला. बाईंचं नाकही त्या वेळी तेवढंच भरलं असतं, पण नाक चटणीत घालायचं नसल्यामुळं ते मापायचं कारण पडलं नाही.

नऊ इंचांची घरात एकच वस्तू होती. आमटी वाढायची पळी.

अर्ध्या किलोला एक, म्हणजे सहा किलोला बारा पळ्या लवंग. गावातल्या दुकानात एवढी लवंग नव्हती. दुकानदारानं कऱ्हाडहून मागवून दिली आणि दातांचा दवाखाना काढताय का, अशी सहज चौकशी केली. सुभेदारांनी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. त्याच आनंदात त्यांनी टीव्हीवाल्यांना दोन पानी पत्र लिहिलं की, आपल्या कार्यक्रमामुळं ग्रामीण महाराष्ट्रातून अंदाज हद्दपार होईल.

डंक पीरमहंमदचा. तो आणि सुभेदार एका वर्गात होते. त्याची बायको नूरजहां गिऱ्हाइकांचा मसाला भाजून द्यायची. अंबूबाईंना ती आक्का म्हणायची, त्या नात्यानं सुभेदार तिचे दाजी.

पीरमहंमदनं लवंगेची पिशवी हातावर तोलली. "सुभेदार, लवंग मिरचीत घालायची हाय का मिरची लवंगेत?"

"माप हाय माज्याकडं."

"माप असंल. पर आमी बी चाळीस वर्सं शिंकतोय हितं."

"तू डंक चालव गड्या. डोकं चालवायचं काम मी करून आलोय."

नूरजहांनं पदर नाकाला लावून विचारलं, "दाजी, आक्कास्नी एक फोन तरी लावलासा का?"

"सरप्राईज हाय."

"व्हय, ते हुईलच," असं म्हणून तिनं कढई चढवली.

लवंग तापली तशी आधी डंक शिंकला, मग गल्ली शिंकली, मग समोरच्या बालवाडीला लवकर सुट्टी झाली. सुभेदार डोळे पुसत देवळाच्या पायरीवर जाऊन बसले आणि अर्ध्या तासानं परत आले. चटणी तयार होती. वजन केलं तर हिशोबानं भरायला हवी होती त्याहून बरीच कमी भरली. त्यांनी पीरमहंमदकडं संशयानं बघितलं.

"डंकात उडतंय सुभेदार," तो शांतपणे म्हणाला. "एवढी गल्ली शिंकली, ती काय फुकट?"

हे शास्त्राला धरून होतं. सुभेदारांनी वहीत नोंद केली, 'घट : शिंकांमुळे', आणि बरणी डोक्यावरून मिरवत घरी नेली.

अंबूबाई परत आल्या. हातपाय धुऊन त्यांनी बरणीचा दादरा सोडला, वास घेतला आणि पुन्हा बांधला. पिशवीतून नातीचे फोटो काढून दाखवले आणि चुलीला लागल्या. त्या दिवशी अख्ख्या मसुराची आमटी केली, ताट वाढलं आणि समोर पंख्याखाली बसल्या.

सुभेदारांनी भुरका मारला. जिभेचं टोक आधी गेलं, मग उरलेली जीभ गेली, आणि मग वरचा ओठ आपलाच आहे की दुसऱ्याचा हे कळेना. कऱ्हाडला दाढ काढताना डॉक्टरनं सुई दिली होती, तेव्हा असं झालं होतं.

"कशी झालीया?" अंबूबाईंनी विचारलं.

आता इथं सुभेदारांनी एकच शब्द बोलायचा होता. 'चुकलं.' तेवढा बोलले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि वाचकांचाही वेळ वाचला असता. पण फौजेत चूक कबूल करायला छापील कागद असतो, खाली सही करायची जागा असते. घरात तशी सोय नसते. सुभेदार बधिर ओठांनी म्हणाले, "परमाणात हाय."

"तुमाला आवडली म्हंजी झालं," अंबूबाई म्हणाल्या.

आणि त्या दिवसापासून रोज दोन वेळा सुभेदारांना आवडू लागली.

मटकी लवंगेची, वांगं लवंगेचं, पिठलं लवंगेचं. अंबूबाई वाढताना आठवणीनं विचारत, "घालू का अजून जरा?" आणि आपलीच कीर्ती सांभाळण्यासाठी सुभेदारांना 'घाल' म्हणावं लागे. जूनमध्ये त्यांनी राजवर्धनला एक डबा पाठवला होता, त्याचा फोन आला. "बाबा, चटणी पोचली. आमच्यातल्या दोघांची दाढ दुखायची थांबली. पर जेवणात काय घालायचं ते बी पाठवा." सुभेदारांनी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला.

श्रावणात त्यांना एक शोध लागला. उपवासाच्या पदार्थांत चटणी नसते. त्यांनी सोमवार धरला. मग गुरुवार धरला. मग शनिवार आणि दोन्ही एकादश्या. पक्का मटण खाणारा हा माणूस आठवड्यातले तीन-चार दिवस साबुदाण्यावर काढू लागला, तेव्हा गावात त्यांचं नाव झालं. भजनी मंडळानं त्यांना अध्यक्ष केलं. फारच गुपचूप भक्ती होती हो सुभेदारांची, असं लोक म्हणत. सुभेदार खाली मान घालून ऐकून घेत, त्यामुळं त्यांची नम्रताही गाजली.

दिवाळीच्या आधी टपालानं एक खोकं आलं. टीव्हीवाल्यांनी त्यांच्या पत्राबद्दल आभार मानले होते आणि शेफ क्रांतींकडून भेट पाठवली होती, कडीत ओवलेले चार लहान चमचे. त्यातल्या एकावर चिठ्ठी होती, 'आमच्या कार्यक्रमातील चमचा'. तो सुभेदारांच्या अंगठ्याच्या नखाएवढा होता.

अंबूबाई पाण्याला गेल्या होत्या. सुभेदारांनी तांदूळ घेतले, तो चमचा घेतला, पळी घेतली आणि मापलं. पळी भरायला चौदा चमचे लागले. मग त्यांनी तांदूळ डब्यात परत टाकले आणि चमचे कपाटातल्या आपल्या गणवेशाच्या खिशात दडवून ठेवले.

सांगावं असं त्यांच्या मनात त्यानंतर तीनदा आलं. एकदा चहाच्या वेळी ते "अगं" म्हणाले. "काय?" अंबूबाईंनी विचारलं आणि हातातलं काम ठेवून त्या वाट बघत उभ्या राहिल्या. सुभेदारांनी चहाच्या कपाकडं बघितलं. "काय न्हाई. साखर बरोबर हाय." अंबूबाई आत गेल्या. जाताना त्या जरा थकल्यासारख्या दिसल्या, पण थकव्याला माप नसल्यामुळं सुभेदारांनी तो धरला नाही.

होता होता पुन्हा मार्च आला. मिरची आली, वाळली, देठं खुडून झाली. एका दुपारी सुभेदार जेवायला बसायच्या बेतात असताना अंबूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या एका हातात पळी होती आणि दुसऱ्या हातात नखाएवढा चमचा.

"औंदा बी तुमच्याच परमाणानं करू," त्या म्हणाल्या. "तुमाला एवढी आवडती. फकस्त लवंग कंच्यानं घालायची तेवढं सांगा. ह्यानं का ह्यानं?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी गणवेश धुतला होता, हे सुभेदारांना आत्ता आठवलं. म्हणजे हिला दोन महिने ठाऊक होतं. त्यांनी पळीकडं बघितलं. डोळ्यांपुढून अजून एक वर्ष गेलं. सातशे तीस जेवणं. त्यातले उपास वजा जाता...

"चुकलं माझं," सुभेदार म्हणाले.

अंबूबाईंनी पळी खाली ठेवली, आतल्या खोलीत गेल्या आणि सुभेदारांची फौजेतली काळी ट्रंक खाटेखालून ओढली. तिला कुणी हात लावायचा नाही असा सुभेदारांचा हुकूम होता, आणि स्वतः त्यांनी ती निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत उघडली नव्हती. अंबूबाईंनी झाकण उचललं. आत लोकरी ब्लँकेटात गुंडाळलेली एक बरणी होती. दादरा बांधलेली. तळाशी वीतभर चटणी उरली होती. वास आला आणि सुभेदारांच्या तोंडाला वर्षानं पाणी सुटलं.

"नूरजहांनं दोन किलो मिरची बाजूला काढून ठेवलीती," अंबूबाई म्हणाल्या. "तुमी देवळाच्या पायरीवर शिंकत हुता तवा. मी आल्यावर माझ्या हातानं केली."

म्हणजे सहा किलोची लवंग चार किलोत गेली होती. सुभेदारांनी हे तेवढ्यातही हिशोबून पाहिलं.

"राजवर्धनला?"

"ह्यातली धाडली, दुसऱ्यांदा."

"पूजाला?"

"ह्यातलीच. मी बी हीच खाल्ली की. तुमचं वेगळं शिजवत हुते, तुमाला आवडती म्हनून."

"वरीसभर दोन भांडी?"

"दोन भांडी. तुमी जेवून उठल्यावर मी बसते. तुमाला कवा दिसायचं?" त्या ब्लँकेटाची घडी घालत राहिल्या. "चुकलं म्हनलासा असता तर त्याच आठवड्यात वाढली असती. रोज इचारत हुते न्हवं, कशी झालीया म्हनून."

सुभेदार ट्रंकेच्या काठावर बसले. लवंगेचं त्यांना आता फारसं वाटत नव्हतं. पस्तीस वर्षांत आपण एकदाही या बाईच्या शेजारी बसून जेवलो नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपण जेवायचं, ढेकर द्यायची, टीव्हीपुढं जायचं, आणि मग आत कुठं तरी ती जेवत असणार, असा आपला अंदाज. अंदाजावर एवढा राग असलेल्या माणसानं एवढी मोठी गोष्ट निव्वळ अंदाजानं धरून चालावी. एकदा, फक्त एकदा, तू पण बस म्हणालो असतो, तर त्याच दुपारी दोन पातेली दिसली असती.

ते उठले, भिंतीला टेकवलेला दुसरा पाट आणला आणि आपल्या पाटाशेजारी मांडला. "चल. तू बी बस."

"माझ्या भाकरी व्हायच्यात."

"झाल्यात तेवढ्या खाऊ."

अंबूबाई जरा अवघडून बसल्या. कुठल्या हातानं जेवायचं हे विसरल्यासारखं त्यांनी दोन्ही हातांकडं बघितलं. आपल्या लहान पातेल्यातली आमटी त्यांनी दोन्ही ताटांत वाढली. सुभेदारांनी वाटी उचलली आणि वर्षभर ज्याची वाट बघितली तो भुरका मारला.

तिखट आलं. भाजलेलं खोबरं आलं. लसूण आला, मागून धण्याचा वास आला. सगळी ओळखीची मंडळी एकामागून एक आली आणि आपापल्या जागी बसली. तरी सुभेदारांची जीभ दारात उभीच राहिली. आणखी कुणी तरी यायचं होतं. वर्षभर दोन्ही वेळा दारात येणारा पाहुणा नावडता असला, तरी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी घर रिकामं लागतं. सुभेदारांनी दुसरा भुरका मारला. कुणी आलं नाही. आमटी पस्तीस वर्षांची तीच होती. जीभ मात्र ते कुठं तरी हरवून आले होते, आणि तीही आपल्याच हातानं, मापून.

"कशी झालीया?" अंबूबाईंनी विचारलं. या वेळी त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

खरं बोलून सुभेदारांना अजून अर्धा तासही झाला नव्हता. पण खोटं बोलायचा सराव वर्षाचा होता, तो उपयोगी पडला.

"असली आमटी वरसात खाल्ली न्हाई," ते म्हणाले. तसं बघितलं तर हे खोटंही नव्हतं.

अंबूबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून त्यांनी आणखी एक वाटी घेतली. जेवणं झाली. अंबूबाई ताटं गोळा करत असताना सुभेदार उठले, मसाल्याच्या डब्याशी जरा घुटमळले, आणि एक लवंग उचलून त्यांनी हळूच गालात धरली.

"दाढ दुखती व्हय?" मागून आवाज आला.

"व्हय. जरा."

त्या बाजूची दाढ दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडला काढली होती. ती काढताना सुभेदारांचा हात धरून अंबूबाईच बसल्या होत्या. त्यांनी सुभेदारांच्या गालाकडं क्षणभर बघितलं, ताटं उचलली आणि मोरीकडं जाता जाता म्हणाल्या, "तुमाला आवडली म्हंजी झालं."